तारेवरची जागा : गिटारच्या लिपीतल्या पोझिशनच्या खुणांचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. जिथे वाजवून दाखवलं, तिथे कंसात नोंद केली आहे.)



आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना फार छोटा वाटेल. गिटारचं छापील नोटेशन तुम्ही पाहिलं असेल. पाच रेघा, त्यावर सूर. त्या रेघांच्या वर मधूनच एखादा रोमन आकडा असतो. कधी त्याच्याआधी इंग्रजी 'सी' किंवा 'बी' हे अक्षर असतं, पुढे तुटक रेघ जाते. सुरांच्या शेजारी बारीक आकडे असतात, आणि काही आकड्यांभोवती गोल काढलेला असतो. या सगळ्यांना मिळून आपण पोझिशनच्या खुणा म्हणू. हात कुठे ठेवायचा, हे सांगणाऱ्या खुणा.

शिकणारा बहुतेक वेळा या खुणांकडे दोनच प्रकारे बघतो. एक तर त्या दिसतच नाहीत, किंवा त्या देववाणी वाटतात. छापलंय ना, मग तसंच. माझं आज म्हणणं असं आहे, की या खुणांना इतिहास आहे, आणि तो कळला की त्या वाचायच्या कशा हेही कळतं. एक वाक्य आधीच सांगून ठेवतो. या खुणा म्हणजे एका जुन्या, मोडीत निघालेल्या लिपीचे अवशेष आहेत. ती लिपी का गेली, तिच्याबरोबर काय गेलं, आणि गेलेलं परत कुणी आणलं, याची ही गोष्ट.

आणखी एक खुलासा. आज 'पडदा' म्हटलं की गिटारचा पडदा समजायचा, म्हणजे फ्रेट. सतारीला असतो तसाच. मागे चित्रं दिसतायत त्याला आपण नुसतं 'चित्र' म्हणू, नाहीतर घोटाळा होईल.

एकच सूर, पाच घरं

पेटीवर अडचण नसते. एक सूर, एक पट्टी. नोटेशनमध्ये तो सूर लिहिला की बोट कुठे जाणार, हे ठरलेलं. गिटारचं तसं नाही. गिटारच्या सहा तारा, जाडीपासून बारीकपर्यंत, इ, ए, डी, जी, बी, इ अशा लावलेल्या असतात. सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली की जो इ सूर येतो, तोच सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर आहे. तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्यावर आहे. चौथीवर चौदाव्या, आणि पाचवीवर एकोणिसाव्या पडद्यावर. पाच ठिकाणी तोच सूर. स्पॅनिश गिटारगुरूंनी अशा सुरांना 'एकीसोनो' असं वेगळं नावच दिलं. सारख्या आवाजाचे, म्हणजे समस्वर.

आता तोच सूर, पण ऐका. (पहिल्या तीन जागा वाजवून दाखवल्या.) मोकळ्या तारेवर तो लख्ख आहे, थोडा उघडा. दुसऱ्या तारेवर गोल झाला. तिसऱ्या तारेवर जाड, जरासा दबलेला, माणसाच्या गळ्याच्या जवळ जाणारा. याचं कारण साधं आहे. शास्त्रीय गिटारवर मोकळ्या तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. पाचव्या पडद्यावर दाबलं की दुसरी तार ४८.७ सेंटिमीटर उरते, आणि नवव्या पडद्यावर तिसरी तार उरते ३८.६. तार जितकी जाड आणि आखूड, तितके वरचे उपस्वर दबतात. शिवाय मोकळ्या तारेवर बोटच नाही, त्यामुळे कंप देता येत नाही. दाबलेल्या तारेवर देता येतो.

म्हणजे प्रश्न सोयीचा नाही. कुठे वाजवायचं हे ठरवलं की कसं ऐकू येणार, तेही ठरतं. आणि पाच रेघांची लिपी नेमकं हेच सांगत नाही. ती 'काय' सांगते, 'कुठे' सांगत नाही.

जेव्हा लिपी फक्त जागा सांगायची

नेहमी असंच नव्हतं. सोळाव्या शतकात तारवाद्यांची लिपी बरोबर उलटी होती. तिला टॅब्लेचर म्हणतात. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीनं १५०७ साली स्पिनाचिनोची ल्यूटसाठीची पुस्तकं छापली, ती अशीच होती. आडव्या रेघा काढायच्या, पण त्या रेघा म्हणजे सूर नव्हेत. त्या तारा. त्या रेघेवर आकडा लिहायचा, तो पडद्याचा. शून्य म्हणजे मोकळी तार, दोन म्हणजे दुसरा पडदा. फ्रान्समध्ये आकड्यांऐवजी अक्षरं होती. 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' म्हणजे पहिला पडदा, आणि असंच पुढे. आज इंटरनेटवर मुलं 'टॅब' बघून गाणी वाजवतात ना, त्या टॅबचे हे खापरपणजोबा.

गिटारचं छापील संगीत याच लिपीत जन्माला आलं. अलोन्सो मुदार्रा यानं १५४६ साली सेव्हिलमध्ये व्हिवेलासाठी तीन पुस्तकांचा संग्रह छापला. त्यात चार जोडतारांच्या लहान गिटारसाठी काही रचना आहेत. गिटारसाठी छापलेलं हे सगळ्यात जुनं संगीत. पाच वर्षांनी, १५५१ मध्ये, पॅरिसला आद्रियाँ ल रॉयचं गिटारचं पहिलं पुस्तक आलं.

या लिपीत पोझिशनची खूण नाही. का नाही? गरजच नाही! सगळी लिपीच जागांची आहे. प्रत्येक आकडा सांगतो, या तारेवर, या पडद्यावर. सुराचं नाव मात्र कुठेही नाही. वाद्य कसं लावलंय ते माहीत असेल, तरच सूर कळतो.

आता या लिपीची ताकद आणि तिचा दुबळेपणा, दोन्ही एकाच माणसाच्या पुस्तकात दिसतात. गास्पार सान्झ. त्याचं गिटारवरचं पुस्तक १६७४ मध्ये सारागोसा इथे छापलं गेलं. तोपर्यंत गिटारला पाच जोडतारा झाल्या होत्या. सान्झच्या संगीतात एक प्रकार वारंवार येतो, त्याला 'कांपानेला' म्हणतात. लहान घंटा. सरळ आरोहातले सूर एकाच तारेवर न घेता प्रत्येक सूर वेगळ्या तारेवर घ्यायचा, त्यासाठी मोकळ्या तारा मधेमधे वापरायच्या. मग आधीचा सूर गुंजत असतानाच पुढचा येतो, घंटा एकमेकींत मिसळाव्यात तसा. (वाजवून दाखवलं.) टॅब्लेचरमध्ये हे डोळ्यांना दिसतं, आकडे रेघांवर खाली-वर उड्या मारतात. हेच पाच रेघांच्या लिपीत उतरवा, काय दिसेल? साधा आरोह. घंटा गायब.

ही झाली ताकद. आता दुबळेपणा. त्या काळात चौथ्या आणि पाचव्या जोडतारा खालच्या सप्तकात लावायच्या की वरच्या, याबद्दल एकमत नव्हतं. टॅब्लेचर फक्त पडदा सांगतं. त्यामुळे त्या दोन जोडांवरचे सूर नक्की कुठल्या सप्तकातले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. सान्झनं तारा कशा लावाव्यात यावर लिहून ठेवलंय म्हणून त्याच्याबाबतीत थोडा आधार आहे. दुसऱ्या कित्येकांच्या बाबतीत तोही नाही. बोट कुठे होतं ते शंभर टक्के माहीत, सूर कुठला ते माहीत नाही. विचित्र परिस्थिती आहे की नाही?

आणखी एक उणीव. टॅब्लेचरच्या वर मात्रेची खूण असते, पण ती पुढचा सूर कधी येणार एवढंच सांगते. खालचा सूर किती वेळ धरून ठेवायचा, वरचा कधी सोडायचा, हे ती सांगत नाही. दोन-तीन आवाजांचं संगीत कागदावर चपटं होऊन जातं.

अक्षरावरचा आकडा

मधेच एक पायरी आहे, ती सांगून पुढे जातो, कारण आजच्या खुणेची सगळ्यात जवळची आजी मला तिथेच दिसते. इटलीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गाण्याच्या साथीसाठी गिटार झणकारून वाजवायची लाट आली. जिरोलामो मोन्तेसार्दो यानं १६०६ साली फ्लोरेन्समध्ये एक पुस्तक छापलं. त्यात अख्ख्या कॉर्डला एक अक्षर दिलं होतं. या पद्धतीला 'अल्फाबेतो' म्हणतात. यातली अक्षरं आजच्या कॉर्डच्या नावांशी जुळत नाहीत हं. 'ए' अक्षर म्हणजे जी मेजर, 'बी' म्हणजे सी मेजर. ती नावं नव्हती, हाताचे आकार होते.

पुढे याच पद्धतीत अक्षराच्या वर आकडा लिहायला लागले. 'एच' हे अक्षर म्हणजे बी फ्लॅट मेजरचा आकार, तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी. त्याच 'एच'वर तीन लिहिलं, की तोच आकार उचलून तिसऱ्या पडद्यावर न्यायचा. झाला सी मेजर. आकार एक, जागा बदलती, आणि जागा सांगायला आकडा. पुढे दोनशे-तीनशे वर्षांनी तर्जनीच्या आडव्या दाबासाठी जी खूण रूढ झाली, तिच्यामागची कल्पना हीच.

१७९९, माद्रिद

आता अठराव्या शतकाच्या अखेरीस या. गिटारला सहावी तार येते आहे. जोडतारा जाऊन हळूहळू एकेरी तारा येतायत. आणि टॅब्लेचर मरायला टेकलंय. माद्रिदमध्ये १७९९ या एकाच वर्षी गिटार शिकवणारी महत्त्वाची पुस्तकं निघाली. एक नेपल्सहून स्पेनमध्ये आलेल्या फेदेरिको मोरेत्तीचं, सहा जोडतारांच्या गिटारसाठी. दुसरं फर्नांदो फेरान्दिएरेचं. या दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातच म्हटलंय, की गिटार 'पोर मुसिका' वाजवण्याची कला. म्हणजे 'संगीतानं'. आता गिटार संगीतानं नाही तर कशानं वाजवणार? पण स्पेनमध्ये तेव्हा दोन मार्ग मानले जात, 'पोर सिफ्रा', आकड्यांनी, आणि 'पोर मुसिका', खऱ्या नोटेशननं. शीर्षकातला तो एक शब्द म्हणजे जाहीरनामा होता. आम्ही आकडेवाले नाही, आम्ही संगीतवाले.

असं का झालं? गिटारवादकाला आता इतरांच्या पंगतीत बसायचं होतं. व्हायोलिनवाला, बासरीवाला, पियानोवाला एकाच लिपीत वाचतात आणि गिटारवाला आपली वेगळी बाराखडी घेऊन बसतो, हे चालेना. व्हिएन्नात माउरो जुलियानीनं १८०८ मध्ये वाद्यवृंदासह गिटारचा कॉन्चेर्तो सादर केला. तिथे गिटारला सगळ्यांची भाषा यावीच लागते. दुसरं कारण आवाजांचं. गिटारवर एकाच वेळी बास, मधला आवाज आणि वरची चाल असे वेगवेगळे प्रवाह चालतात, ते वर-खाली दांड्या काढून पाच रेघांवर स्पष्ट दाखवता येतात. फर्नांदो सोर, बार्सिलोनात जन्मलेला, नंतर पॅरिसमध्ये स्थिरावलेला, यानं हे सगळ्यात काटेकोरपणे केलं. त्यानं या बाबतीत मोरेत्तीचं ऋण मान्य केलं आहे.

हा बदल फायद्याचाच होता. मी टॅब्लेचरसाठी गळा काढायला उभा नाही. पण व्यवहारात काहीतरी द्यावं लागतं. गिटारनं व्हायोलिनची लिपी उसनी घेतली, अगदी व्हायोलिनच्या चावीच्या चिन्हासकट. इतकी उसनी, की गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, आणि आजही आपण ते तसंच चालवून घेतो. आणि या व्यवहारात 'कुठे' हा प्रश्न कागदावरून पुसला गेला.

खुणा परत येतात

पुसला गेला, पण फार दिवस नाही. नवशिक्याला पहिल्या चार पडद्यांपलीकडे न्यायचं, तर जागा सांगावीच लागते. एकोणिसाव्या शतकातल्या शिकवणीच्या पुस्तकांत, कारुल्ली, जुलियानी, अग्वादो, कारकासी यांच्या पुस्तकांत, पोझिशन ही व्यवस्थित संकल्पना झाली. छापील सुरांवर फ्रेंचमध्ये 'पाचवी पोझिशन' अशी संक्षिप्त सूचना दिसायला लागते. मात्तेओ कारकासीची १८३६ ची पद्धत तर अजून शिकवली जाते. त्यात चौथी, पाचवी, सातवी आणि नववी या पोझिशनसाठी वेगळे सप्तक आणि वेगळे धडे आहेत. याच चार का? कारण हात तिथे स्थिरावला की नेहमीच्या सप्तकांतले सूर बोटांखाली नीट येतात.

व्याख्या एका ओळीची आहे. तर्जनी ज्या पडद्यावर, ती पोझिशन. पाचवी पोझिशन म्हणजे तर्जनी पाचव्यावर, मधलं बोट सहाव्यावर, अनामिका सातव्यावर, करंगळी आठव्यावर. त्या क्षणी तर्जनी वाजवत नसली, तरी हात तिथेच समजायचा. आणि मोकळ्या तारा कुठल्याही पोझिशनमध्ये चालतात.

व्हायोलिनहून येणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. व्हायोलिनला पडदे नाहीत, तिथे पोझिशन सप्तकाच्या सुरांनी मोजतात. व्हायोलिनच्या तिसऱ्या पोझिशनमध्ये तर्जनी मोकळ्या तारेपासून शुद्ध मध्यमावर येते. गिटारवर तीच जागा पाचवा पडदा, म्हणून पाचवी पोझिशन. शब्द एकच, मोजपट्ट्या दोन.

आता आजचं पान वाचू. चित्रात बघा, इथे तीन वेगळी मोजमापं एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो.

पहिलं, सुराशेजारचा साधा आकडा, एक ते चार. हे डाव्या हाताचं बोट. तर्जनी एक, करंगळी चार. शून्य म्हणजे मोकळी तार. दुसरं, गोलातला आकडा, एक ते सहा. ही तार. एक म्हणजे सगळ्यात बारीक. तिसरं, रोमन आकडा. हा पडदा. बोट, तार, पडदा, अशी ही तीन मोजमापं. उजव्या हातासाठी मात्र आकडे नाहीत, अक्षरं आहेत, पी, आय, एम, ए, स्पॅनिशमधल्या अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका या शब्दांची आद्याक्षरं.

रोमन आकड्याच्या आधी 'सी' असेल तर ते स्पॅनिश 'सेहा', 'बी' असेल तर फ्रेंच 'बारे'. दोन्हींचा अर्थ एकच, तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबायच्या. 'सी'ला उभी काट मारली किंवा आधी अर्धा लिहिला, तर पूर्ण नाही, थोड्याच तारा. पुढची तुटक रेघ संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. आणि नुसता रोमन आकडा, अक्षराविना, असेल तर बहुतेक आवृत्त्यांत ती फक्त पोझिशन, बोट आडवं टाकायची गरज नाही. बहुतेक म्हणतोय, कारण प्रकाशकागणिक रीत बदलते. पुस्तकाच्या सुरुवातीला खुणांचं पान असतं, ते वाचायची सवय लावा. आणि ज्यांनी हार्मनीचा अभ्यास केलाय त्यांच्यासाठी, तिथला रोमन पाच म्हणजे पाचव्या सुरावरचा कॉर्ड, इथला रोमन पाच म्हणजे पाचवा पडदा. दोघांचा काही संबंध नाही.

आता लक्षात आलं ना? गोलातला आकडा आणि रोमन आकडा एकत्र घेतले की काय झालं? तार आणि पडदा. टॅब्लेचर! जे १७९९ मध्ये दारातून बाहेर काढलं, ते खिडकीतून आत आलं. फक्त आता ते रेघांच्या वर, बारीक टायपात, पाहुण्यासारखं बसलंय.

हा हात कुणाचा?

आता मी महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. टॅब्लेचरमध्ये जागा ही रचनेचाच भाग होती. रचनाकारानं आकडा लिहिला, संपलं. नव्या लिपीत जागा सुरापासून सुटी झाली. सुटी झाली म्हणजे ती दुसरं कुणीही भरू शकतं. रचनाकार भरेल, संपादक भरेल, शिक्षक पेन्सिलनं भरेल. आणि छापल्यावर सगळ्यांच्या खुणा सारख्याच दिसतात.

सोरचंच उदाहरण घ्या. त्याच्या मूळ छापील आवृत्त्यांत बोटांच्या खुणा मोजक्या आहेत. त्याची भूमिका अशी, की वाजवणाऱ्याला हार्मनी कळली पाहिजे, बोटवर तिसऱ्या आणि सहाव्या सुरांच्या जोड्या कुठे बसतात ते कळलं पाहिजे, मग जागा त्याची तोच काढेल. त्याच्यानंतरच्या पिढ्यांत फ्रान्सिस्को टारेगा आला, १८५२ ते १९०९ हा त्याचा काळ. टारेगाला तारेचा रंग हवा होता. सोप्या जागेवर मिळणारी चाल तो मुद्दाम जाड तारेवर, वरच्या पडद्यांवर घेई, कारण तिथे ती गाते. अशा माणसाला 'कुठे' लिहावंच लागतं. ही दृष्टी त्याच्या शिष्यांनी, ल्योबेत आणि पुहोल यांनी पुढे नेली.

मग आंद्रेस सेगोविया. जर्मनीच्या शॉट प्रकाशनानं १९२६ पासून गिटारची एक मालिका काढली, तीत सेगोवियानं संपादित केलेल्या आवृत्त्या जगभर गेल्या. त्यांत पोझिशन, तारा, बोटं, सगळं भरलेलं. १९४५ मध्ये त्यानं सोरचे वीस अभ्यास निवडून आपल्या खुणांसह प्रसिद्ध केले. हे पुस्तक इतकं चाललं, की सोरच्या अभ्यासांची ओळखच त्यातल्या क्रमांकांनी व्हायला लागली. बी मायनरमधला तो प्रसिद्ध अभ्यास सोरच्या हिशेबात पस्तिसाव्या ओपसमधला बावीसावा. पण गिटारवाल्याला विचारा, तो म्हणेल, पाचवा. पाचवा सेगोवियाच्या पुस्तकातला.

यात सेगोवियाचा दोष नाही, त्यानं पुस्तकावर आपलं नाव स्पष्ट घातलंय. पण परिणाम बघा. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी सोर वाजवतोय असं समजून सेगोवियाचा हात वाजवत होते. शंभर वर्षांनंतरच्या वाद्यावरचा, दुसऱ्या आवडीचा, त्याच्या स्वतःच्या बोटांच्या मापाचा. पुढे ब्रायन जेफरी यांनी सोरच्या मूळ आवृत्त्यांच्या छायाप्रती प्रसिद्ध केल्या, तेव्हा लोकांना शेजारी ठेवून बघता आलं, की या खुणेपैकी किती सोरच्या आणि किती नंतरच्या.

इथे एखादा म्हणेल, मग संपादकाच्या खुणा खोडून टाका. थांबा. याच सेगोवियाचं दुसरं टोक सांगतो.

ब्राझीलच्या हेइतोर व्हिला-लोबोसनं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिटारसाठी बारा अभ्यास लिहिले. ते पॅरिसच्या माक्स एशिगनं १९५३ मध्ये छापले, आणि प्रस्तावना सेगोवियाची. त्यात सेगोविया, ज्यानं सगळ्यांच्या जागा बदलल्या तो सेगोविया, सांगतो की व्हिला-लोबोसनं दिलेली बोटं मी बदलू इच्छित नाही. या माणसाला गिटार पूर्ण कळते. त्यानं एखादी तार निवडली असेल, तर जास्त कष्ट पडले तरी आपण तेच मानलं पाहिजे.

असं का म्हणाला? पहिला अभ्यास ऐका. (मधला भाग वाजवून दाखवला.) डाव्या हाताचा आकार एकच आहे. तो एक-एक पडदा खाली सरकतो. दोन्ही टोकांच्या इ तारा मात्र मोकळ्या, त्या जागच्या हलत नाहीत. सरकणारा आकार आणि स्थिर तारा यांच्या घर्षणातून दर सरकण्यासरशी वेगळा कॉर्ड जन्मतो. हे संगीत कुणी पियानोवर बसून सुचवलेलं नाही. ते हाताच्या सरकण्यातून सुचलंय. इथे पोझिशन हीच कल्पना आहे. ती बदलली तर रचनाच उरत नाही. सान्झच्या घंटांसारखंच.

म्हणजे खुणांच्या दोन जाती झाल्या. एक, जिच्यात संगीत आहे. दुसरी, जिच्यात कुणाचा तरी सल्ला आहे. छापताना दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. इतिहास माहीत असल्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत.

आपल्या लिपीकडे एक नजर

हा प्रश्न फक्त त्यांचा नाही, म्हणून दोन वाक्यं. पंडित भातखंडे यांच्या लिपीत स्वर आहे, सप्तक आहे, मात्रा आहे, मींडेची कमान आहे. पण सतारीवर ती मींड कुठल्या पडद्यावरून ओढायची, हे लिपी सांगत नाही. ते गुरूच्या हाताकडे बघून कळतं. आपण ते लिहिण्याचा हट्ट धरला नाही, कारण समोर गुरू बसलेला असतो. युरोपातला छापील गिटारवादक बराच वेळ एकटा होता. गुरूचा हात कागदावर हवा होता, त्यातून या खुणा वाढल्या.

गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फा आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात आलेले वादक पाच रेघांची लिपी सराईतपणे वाचत. पण साथीच्या गिटारसाठी कागदावर कॉर्डचं नाव लिहिलं की भागतं. कॉर्ड मानेवर कुठे धरायचा, ते वाजवणारा ठरवतो. हे नातं फ्लोरेन्सच्या त्या १६०६ च्या पुस्तकापर्यंत जातं. फरक एवढाच, की तेव्हा अक्षर हाताचा आकार सांगायचं, आज सुराचं नाव सांगतं.

मग वाचायचं कसं?

खूण दिसली की तीन गोष्टी विचारा. कुणाची आहे? मुखपृष्ठ बघा, 'संपादन' किंवा 'फिंगरिंग' यापुढे कुणाचं नाव आहे ते बघा. कशासाठी आहे? रंगासाठी, सूर एकमेकांत जोडण्यासाठी, की पुढच्या मात्रेला हात वेळेवर पोचावा म्हणून? आणि ती काढून टाकली तर काय हरवतं? दोन्ही जागी वाजवून ऐका. काहीच हरवलं नाही, तर तुम्ही मोकळे आहात. काही हरवलं, तर खुणेनं आपलं काम केलं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊ.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*प्रश्न : सर, माझी मुलगी टॅब बघून शिकते. तिला नोटेशन शिकवायची सक्ती करावी का?*

सक्ती नको, पण दोन्ही शेजारी असलेलं पुस्तक द्या. आज अशी पुस्तकं मिळतात, वर पाच रेघा आणि खाली टॅब. टॅबवाल्या मुलांना बोट कुठे ते कळतं, आपण कुठला सूर वाजवतोय ते कळत नाही. नोटेशनवाल्यांचं उलटं होतं, ती पहिल्या पोझिशनमध्येच अडकतात, कारण तिथे सगळे सूर सापडतात. दोन्ही उणिवा जुन्या आहेत, आत्ताच आपण पाहिल्या. तिला एक सूर पाच ठिकाणी शोधायला सांगा. मजा येईल तिला, आणि दोन्ही लिप्यांची गरज आपोआप कळेल.

*प्रश्न : माझा हात लहान आहे. छापलेली पोझिशन ताणली जात नाही. बदलली तर चालेल?*

आधी ती कुणाची खूण आहे ते बघा. संपादकाची असेल, तर निःसंकोच बदला, त्यानं त्याच्या हातासाठी लिहिली होती. रचनाकाराची असेल, तर त्याला तिथे कुठला आवाज हवा होता ते आधी ऐका, आणि त्या आवाजाच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा शोधा. दुखेपर्यंत ताणू नका. कुठलीही खूण त्यासाठी लिहिलेली नाही.